ज्याची त्याची कसोटी

1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना एक पेटंट दिले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. बातमी इकडे आली तेव्हा ‘यात शोध तो काय लावला?’ असेच सगळ्यांच्या तोंडून निघाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) या पेटंटला आव्हान दिले. रघुनाथ माशेलकर तेव्हा संस्थेचे महासंचालक होते. आता हळदीने जखम भरते हे प्रयोगशाळेत पुन्हा सिद्ध करून काहीच साधणार नव्हते, कारण पेटंट घेणाऱ्यांचे म्हणणेही तेच होते. दाखवायचे होते ते एवढेच की ही गोष्ट आधीपासून माहीत आहे. त्यातही मेख अशी, की परदेशात लोक एखादी गोष्ट वापरत आले आहेत, एवढ्याला त्या वेळचा अमेरिकी कायदा पुरावा मानत नव्हता. त्याला छापील मजकूर हवा होता. आजीच्या हातची हळद कायद्याला दिसत नव्हती, छापील पान दिसत होते. मग संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ धुंडाळून 32 संदर्भ जमवण्यात आले. त्यांत भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला 1953 सालचा एक लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झाले.

या एका फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या जातीचे संशोधन आहे. हळद काम करते की नाही, हे विज्ञानाने सांगायचे. ते कुणी, कधी, कुठल्या पोथीत लिहून ठेवले, हे भाषा आणि इतिहास जाणणाऱ्याने शोधायचे. आणि यांतले काय पुरावा म्हणून चालेल, हे कायद्याने ठरवायचे. आपल्याकडे संशोधन म्हटले की पांढरा कोट आणि परीक्षानळी डोळ्यांपुढे येते, किंवा हल्ली पीएचडी आणि तिच्याबरोबर येणारी वेतननिश्चिती. या दोन्हींच्या पलीकडे, निरनिराळ्या विद्याशाखांतली माणसे प्रत्यक्षात काय करतात आणि आपले म्हणणे सिद्ध झाले असे कशाच्या जोरावर म्हणतात, याचा हा आढावा. उदाहरणे बहुतेक आपल्या आसपासची आहेत, कारण तीच मला नीट माहीत आहेत.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण कायद्यातल्या संशोधनाबद्दल सर्वसामान्य वाचकाला सगळ्यात कमी ठाऊक असते. वकील काय ते भांडतात, न्यायाधीश निकाल देतात; यात संशोधन कुठे आले? एक उदाहरण पाहू. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातले, आता गडचिरोलीत असलेले देसाईगंज पोलीस ठाणे. 1972 मध्ये तिथे एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असा एकूण सूर. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. केळकर आणि धगमवार पुणे विद्यापीठातले.

त्या पत्रात नवा साक्षीदार नव्हता, नवी तपासणी नव्हती, एकही नवा आकडा नव्हता. त्यांनी निकालपत्रच हाती घेतले आणि ते वाचून दाखवले. मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे या कायद्याच्याच दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि न्यायालयाने त्या एक करून टाकल्या, हा मुद्दा त्यांनी कायद्याच्याच भाषेत उलगडला. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, गरीब मुलगी, समोर गणवेशातली माणसे, या परिस्थितीत संमती कशाला म्हणायचे? न्यायालयाने पुनर्विचार केला नाही. पण देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये पुराव्याच्या कायद्यात 114-अ हे कलम आले. कोठडीतल्या अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरील. ते पत्र कुठल्याही मापाने मोजा, विसाव्या शतकातल्या भारतीय विधिसंशोधनातली ही सगळ्यात परिणामकारक काही पाने असावीत.

कायद्यातले संशोधन कधी कधी फार लांबून येते. डिट्रिश कॉनराड हे जर्मन विद्वान फेब्रुवारी 1965 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान देऊन गेले. राज्यघटना दुरुस्त करण्याच्या अधिकाराला काही अध्याहृत मर्यादा असतात का, हा त्यांचा विषय. दुरुस्तीच्या नावाखाली घटनाच मोडीत काढता येईल का, हा प्रश्न त्यांच्या देशाने हिटलरच्या काळात भोगलेला होता. त्यांचा युक्तिवाद वकील एम. के. नंबियार यांनी 1967 च्या गोलकनाथ खटल्यात मांडला. पुढे केशवानंद भारती खटल्यात न्यायमूर्ती खन्नांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा आधार घेतला. 24 एप्रिल 1973 रोजी 13 न्यायाधीशांच्या पीठाने 7 विरुद्ध 6 अशा मताने घटनेच्या मूलभूत चौकटीचे तत्त्व स्वीकारले. आज कुठलाही राजकीय पक्ष ज्या तत्त्वाचा आधार सोयीप्रमाणे घेतो किंवा सोयीप्रमाणे ज्याच्यावर चिडतो, ते एका विद्यापीठातल्या व्याख्यानातून चालत आले आहे. मात्र इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सातऐवजी सहा मते पडली असती तर तर्क तोच राहिला असता, पण तो कायदा झाला नसता. विज्ञानात बहुमताने काही ठरत नाही. कायद्यात शेवटी ठरते ते मतांनीच. म्हणून कायद्याचा अभ्यासक फक्त बरोबर असून भागत नाही, त्याला कुणाला तरी पटवावे लागते आणि ते पटेपर्यंत वाट पाहावी लागते.

अलीकडे विधिसंशोधनाची दुसरी तऱ्हाही रुजते आहे. ग्रंथालयातून उठून तुरुंगात, न्यायालयाच्या आवारात जाऊन मोजदाद करायची. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या फाशीच्या शिक्षेवरच्या अहवालासाठी अभ्यासकांनी देशभरातल्या 373 कैद्यांशी बोलून माहिती घेतली. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातले निघाले. ‘विरळातल्या विरळ प्रकरणात फाशी’ हे सूत्र कागदावर सगळ्यांना सारखे असले, तरी फास कुणाच्या गळ्यात पडतो हे कलमे वाचून कळत नाही, मोजूनच कळते.

आता मानव्यविद्या. इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘यात सिद्ध काय करता?’ हा टोमणा सगळ्यात जास्त या मंडळींना ऐकावा लागतो.

पुण्यातली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था 1917 मध्ये स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम अंगावर घेतले. ते 1966 मध्ये पुरे झाले. 1925 पासून 1943 मध्ये निधन होईपर्यंत प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुखठणकर. केंब्रिजमध्ये गणित शिकलेला आणि मग बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे भाषाशास्त्र शिकलेला हा माणूस. कामाची पद्धत पाहिली की गणित वाया गेले नव्हते हे कळते. प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला एक कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, अक्षराअक्षराने वेगळा. खाली एकेका हस्तलिखितासाठी एकेक आडवी ओळ. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी, बंगालची, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम् लिपीतल्या पोथ्या. जिथे अक्षर वेगळे, तिथे ते त्या रकान्यात भरायचे. एखाद्या पोथीत जास्तीचे श्लोक असतील तर ते समासात. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही ही जुळवणी चाले. आदिपर्वासाठी एका श्लोकामागे निदान दहा पोथ्या तपासायच्या असा दंडक होता. सगळी पर्वे मिळून 1259 हस्तलिखिते तपासली गेली.

नुसते जुळवणे म्हणजे संशोधन नव्हे. निवड कशी करायची? सुखठणकरांनी ठरवले की मते मोजायची नाहीत. एका चुकीच्या पोथीच्या शंभर नकला झाल्या, म्हणून ती चूक शंभरपट खरी होत नाही. उत्तर आणि दक्षिण या दोन परंपरांचा शतकानुशतके फारसा संबंध नव्हता. तरीही काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकच शब्द देत असतील, तर तो दोघींच्या फुटण्याआधीचा. आणि एक पाठ सोपा, दुसरा अवघड असेल तर अवघडाकडे झुकायचे. कारण नक्कल करणारा कठीण शब्द सोपा करतो, सोपा शब्द कठीण करायच्या फंदात पडत नाही.

या चाळणीतून निघाले ते अनेकांना रुचणारे नव्हते. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. द्यूतसभेत द्रौपदीने कृष्णाचा धावा केला तो भागही संहितेबाहेर गेला. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांच्या हाती आलेल्या पोथ्यांचा कौल तसाच होता. हे काही कुणाच्या श्रद्धेवर टाच आणण्यासाठी केलेले नव्हते. गाळलेले सगळे तळटिपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे छापले आहे. निर्णय मान्य नसेल तर वाचकाने स्वतः दुसरा करावा, त्यासाठी लागणारा सगळा माल पानाच्या खालच्या अर्ध्यात हजर. विज्ञानात ज्याला प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणतात, तिची मानव्यविद्येतली तऱ्हा ही. म्हणून ‘यात सिद्ध काय करता?’ असे विचारणाऱ्याने या आवृत्तीचे कुठलेही एक पान उघडून पाहावे.

इतिहासात पोथीऐवजी कागदपत्रे येतात, पण कसोटी त्याच वळणाची. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549 चा की 1551 चा, हा वाद आपल्याकडे किती तापला हे सांगायला नको. उत्तरकालीन बखरींच्या आधाराने शके 1549, म्हणजे 1627 हे साल रूढ होते. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद होती. मग तंजावरला मिळालेल्या परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी निघाली आणि राजस्थानातल्या एका संग्रहातली जन्मकुंडलीही तिकडेच बोट दाखवू लागली. मावळातले जेधे देशमुख घराणे, महाराजांच्या पदरचा संस्कृत कवी आणि दूर मारवाडातला ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता जवळजवळ नाही. या तिघांच्या एकमताला शंभर वर्षांनी लिहिलेल्या बखरीपेक्षा जास्त वजन. महाराष्ट्र सरकारने 2001 मध्ये 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. आता जयंती तिथीने की तारखेने हा वाद उरला आहे, पण त्याचा संशोधनाशी संबंध नाही.

या परंपरेतले दोन एकांडे शिलेदार वेगळे सांगायला हवेत. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव भटकून दप्तरे जमवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले. पहिला 1898 चा. दुसरे पां. वा. काणे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती काढताना प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहावा, असे त्यांच्या मनात आले. ती प्रस्तावना 1930 ते 1962 अशी वाढत वाढत पाच खंड आणि साडेसहा हजारांवर पाने झाली. व्यवहारमयूख हा निव्वळ पोथीतला ग्रंथ नव्हता. मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या वारसाहक्काच्या खटल्यांत इंग्रजी अमदानीतली न्यायालयेही तो प्रमाण मानत. त्यामुळे काणे यांचे काम संस्कृतात मोडते की कायद्यात, हे सांगता येत नाही. 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

विज्ञानाकडे वळताना गडचिरोलीलाच जावे. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी मांडली; 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन एवढेच सरकारी दफ्तराला ठाऊक होते. पण पद्धतीच्या दृष्टीने त्यांचे 1999 चे काम जास्त बोलके आहे. घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला गावातल्याच बाईला शिकवले, तर बाळे वाचतील का? 39 गावांत हा उपाय केला, 47 गावांत केला नाही. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी उतरले. ती 47 गावे नसती तर? पाऊस बरा झाला, रस्ता झाला, नवा डॉक्टर आला, कशानेही मृत्यू उतरले असतील असे म्हणायला वाव राहिला असता. ही तुलनेची गावे हाच प्रयोगविज्ञानाचा कणा. पोथ्या जुळवणाऱ्याला आणि इतिहासकाराला असा पर्याय मिळत नाही. अफझलखान भेटीला आलाच नसता तर काय झाले असते, हे पाहायला दुसरे जावळीचे खोरे कुणाकडे नाही.

खगोलशास्त्रही तुलनेची गावे निवडू शकत नाही. तिथे मग धीर आणि संख्याशास्त्र यांवर भिस्त. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. जाळीच्या, तारांवर ताणलेल्या, म्हणून वजनाला हलक्या आणि खर्चाला परवडणाऱ्या. ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. स्पंदक तारे घड्याळासारखे ठराविक ठेक्याने रेडिओ स्पंद पाठवतात. अवकाशातून मंद गुरुत्वलहरी जात असतील तर त्या ठेक्यांत अगदी सूक्ष्म, पण सगळीकडे एका विशिष्ट आकृतिबंधाने फरक पडायला हवा. युरोपीय दुर्बिणींची सुमारे 25 वर्षांची निरीक्षणे आणि जीएमआरटीची साडेतीन वर्षांची निरीक्षणे एकत्र करून जून 2023 मध्ये या लहरींबद्दलचा निष्कर्ष जाहीर झाला. वर्तमानपत्रांनी ‘शोध लागला’ असे मथळे दिले. खुद्द शोधनिबंधात मात्र ‘पुरावा’ एवढाच शब्द होता. नुसत्या योगायोगाने असे दिसण्याची शक्यता हजारात एक होती. भौतिकीत शोध म्हणायला ती साधारण 35 लाखांत एक इतकी खाली यावी लागते. न्यायालयात ‘वाजवी संशयापलीकडे’ म्हणतात, तिथे आकडा नसतो, आणि असूही नये. हजारात एक चूक भौतिकीला परवडत नाही. फाशीच्या शिक्षेत ती परवडते की नाही, याचे उत्तर आकडा देत नाही, माणसांना द्यावे लागते.

विज्ञानही आपल्या कसोट्यांवर नेहमी उतरते असे नाही. मानसशास्त्रातले 100 प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा उद्योग 2015 मध्ये झाला, तेव्हा सुमारे 36 टक्केच अभ्यासांत पुन्हा तसाच ठळक निष्कर्ष निघाला. विज्ञान स्वतःची अशी झडती घेते, हे मात्र त्याच्या बाजूने बोलायला हवे. आणि गणित तर सगळ्यांपासून वेगळेच. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी कुठल्याही चार अंकी संख्येचे, सगळे अंक सारखे नसतील तर, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतो, हे दाखवले. त्याला अनुदान लागले नाही, परवानगी लागली नाही, आणि त्यावर अपीलही नाही. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन आत्ताच पडताळून पाहावे.

या कुंपणांवरून उड्या मारणारी माणसे आपल्याकडे कमी झाली नाहीत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची जमीन आणि माणसे तपासून 1917 मध्ये अहवाल छापला. मातीचे नमुने तपासतच होते, पण जुनी दप्तरेही पाहिली आणि शेतीचे तुकडे कसे होत गेले ते दाखवले. पूर्वी दोन एकरांखालची जमीन जवळजवळ कुणाकडे नव्हती; त्यांच्या काळात 81 टक्के शेतकऱ्यांची जमीन दहा एकरांच्या आत आणि 60 टक्क्यांची पाच एकरांच्या आत आली होती. आज तिथे टोलेजंग सोसायट्या आहेत. तो अभ्यास पुन्हा करणे आता कुणालाच शक्य नाही.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत कवट्या मोजत होत्या. वंशावरून कवटीच्या आकारात भेद असावा, अशी गुरूंची धारणा. इरावतीबाईंच्या मोजमापांत तसे काही निघाले नाही आणि त्यांनी तसे लिहिले. नंतर त्यांनी नातेव्यवस्थेचा अभ्यास केला, कोयना धरणाने उठवलेल्या गावांची पाहणी केली, आणि ‘युगान्त’ लिहिले. ‘युगान्त’ला आधार होता त्या वेळी नुकत्याच पुऱ्या होत आलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा.

आणि दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात कोसबेनला जन्मलेले, पेशाने गणिती. जनुकशास्त्रात आजही वापरले जाणारे एक सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी काढली. पण त्यांच्या कामाचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे तक्षशिलेची नाणी. चांदीची ठसे मारलेली जुनी नाणी, त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. कोसंबींनी हजारो नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, आणि झिजण्याचा वेग साधारण सारखा असतो. नाण्यांच्या मागच्या बाजूला वेळोवेळी तपासणाऱ्यांनी मारलेले बारीक ठसे असतात. जितके ठसे जास्त, तितके वजन कमी, असे आढळले. म्हणजे वजन हेच नाण्याचे वय. पण झिजेचा नियम खरा आहे हे कशावरून? यासाठी त्यांनी आपल्या काळातल्या, बाजारात फिरणाऱ्या नाण्यांची वजने घेतली. त्यांच्यावर साल छापलेलेच होते. गडचिरोलीतल्या तुलनेच्या गावांचे काम इथे चालू चलनातल्या नाण्यांनी केले. कुठले नाणे कुठल्या राजाचे, हे त्यांचे निष्कर्ष पुढच्या नाणकशास्त्रज्ञांनी सगळेच मान्य केले नाहीत. तराजू क्रम सांगतो, नाव सांगत नाही. नावासाठी परत ग्रंथांकडेच यावे लागते आणि तिथे कोसंबींनाही इतरांसारखेच भांडावे लागले.

एवढी विविधता एका तक्त्यात बसवायचा हट्ट मात्र आपल्या विद्यापीठांनी धरला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या शोधकार्याला गुण दिले आणि त्यांची बेरीज बढतीशी जोडली. बेरीज करायची म्हणजे सगळे एकाच एककात आणावे लागते, आणि ते एकक झाले नियतकालिकातला शोधनिबंध. मग दर्जाचे ढोबळ माप म्हणून ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला. तो मुळात नियतकालिकाच्या मागल्या दोन वर्षांतल्या लेखांना किती संदर्भ मिळाले हे मोजतो. दोन वर्षांत जे वाचले गेले नाही ते त्याच्या लेखी नाही. विषाणूशास्त्रात दोन वर्षे म्हणजे एक युग; धर्मशास्त्राच्या इतिहासात तेवढ्यात एका प्रकरणाचे टिपण होते. कॉनराड यांचे व्याख्यान 1965 चे, निकाल 1973 चा. एका बाजूला काणे एकटे बत्तीस वर्षे, दुसऱ्या बाजूला 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर निघालेला एक शोधनिबंध, त्याचे लेखक 5154; तेहतीस पानांपैकी चोवीस पाने नुसत्या लेखकांच्या नावांची. यांचे गुण कसे वाटायचे? राजवाड्यांनी सगळे मराठीत लिहिले आणि ते ठरवून. आजच्या संदर्भसूची मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रांना ते जवळजवळ दिसतच नाहीत.

गुणांचा हा बाजार भरल्यावर माल पुरवणारेही आले. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके उगवली, कुठल्याही विषयाचा लेख कुठेही छापणारी. त्यांना आळा घालायला 2018 मध्ये यूजीसीने ‘केअर’ नावाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी सुरू केली. तिचे काम पुणे विद्यापीठातून चाले. यादी आल्यावर यादीतल्या नियतकालिकांच्या नावाची बनावट संकेतस्थळे निघाली. 2025 मध्ये यूजीसीने ही यादी बंद केली आणि दर्जा ठरवण्याचे काम संस्थांवर सोपवले. अनेकांनी याला जबाबदारी झटकणे म्हटले. माझ्या मते निर्णय योग्य आहे, पण अर्धाच. दिल्लीतली एक यादी काढून टाकून प्रत्येक विद्यापीठाने आपली यादी केली, तर फरक एवढाच की एका वाईट मापाऐवजी शेकडो वाईट मापे होतील.

उरलेला अर्धा असा. विधी विभागाच्या निवड समितीने उमेदवाराचे निकालपत्रावरचे भाष्य वाचावे आणि त्यातला युक्तिवाद टिकतो का पाहावे. मराठी विभागाने संपादित पोथीतल्या चार पानांचे पाठभेद मूळ पोथीशी लावून पाहावेत. रसायनशास्त्राने प्रयोगाच्या नोंदवह्या मागवाव्यात, नुसती प्रकाशनांची संख्या नको. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचे परीक्षण करायला तो विषय जाणणारा आणि मराठी वाचणारा माणूस शोधावा. मिळत नसेल तर ती उणीव प्रबंधाची नाही, समितीची आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पोर्टलही लागत नाही. समितीतल्या माणसांनी बैठकीआधी प्रबंध घरी नेऊन वाचायला हवा, आणि वाचला नसेल तर सही करू नये.